दोन डॉक्टर, दोन मते

घरात एखादे मूल आजारी पडले आणि डॉक्टरांनी सांगितलेले ऐकून मनाचे समाधान झाले नाही, म्हणजे आपण दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो. त्यात वावगे काही नाही. घर बांधावयाचे झाले तर आपण दोन गवंड्यांना विचारतो, मुलीचे स्थळ पाहावयाचे तर दहा ठिकाणी चौकशी करतो. मग पोटच्या पोराच्या जिवाचा प्रश्न असताना एकाच्याच शब्दावर का विसंबून राहावे? परंतु दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना आपल्या मनात एक अपेक्षा दडलेली असते, आणि ती आपण स्वतःपाशीही सहसा कबूल करीत नाही. पहिल्यांनी चांगले सांगितले असेल तर दुसऱ्यांनी त्याला दुजोरा द्यावा, आणि वाईट सांगितले असेल तर ते खोडून काढावे, एवढीच ती अपेक्षा असते. दोघांनी दोन अगदी उलट गोष्टी सांगितल्या तर काय करावयाचे, ह्याची तयारी करून दवाखान्याची पायरी कोणीच चढत नाही.

आमच्या घरी हा प्रसंग २०१४ साली आला. माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी मुंबईहून आमच्याकडे, म्हणजे इंदूरला, माहेरी आली होती. जानेवारीत तिला मुलगी झाली. जन्मतः नातीचे वजन २ किलो ८०० ग्रॅम होते. डॉक्टरांनी तिला तपासून सर्व काही ठीक असल्याचे सांगितले. बारसे झाले, पाळणे म्हटले गेले. सहाव्या आठवड्यात लस टोचण्यासाठी तिला नेले, तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी तिच्या छातीवर ठेवलेला स्टेथोस्कोप बराच वेळ उचललाच नाही. त्यांचा चेहरा पाहूनच माझ्या पत्नीने काय ते ओळखले.

हृदयाची इको नावाची तपासणी झाली. खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला सुमारे ५ मिलिमीटरचे छिद्र असल्याचे तीत दिसले. इंदूरचे हृदयरोगतज्ज्ञ वयस्कर व शांत स्वभावाचे होते. ते म्हणाले, "अशी पुष्कळशी छिद्रे मूल वाढते तशी लहान होत जातात, कित्येक तर आपोआप मिटतात. आज घाई करण्याचे कारण नाही. औषध देतो. चार आठवड्यांनी पुन्हा आणा." त्यावर माझ्या पत्नीने त्यांना एक साधा प्रश्न विचारला : "थांबायचे, पण कशाकडे लक्ष ठेवून थांबायचे?" डॉक्टरांनी चार गोष्टी सांगितल्या. दूध पिताना बाळ दमून मध्येच थांबते का, कपाळावर घाम येतो का, झोपेतही श्वास जलद चालतो का, आणि वजन वाढते का. आमच्या घरी दूधवाल्याच्या हिशेबाची एक वही असे. तिच्या मागच्या पानांवर पत्नीने त्या दिवसापासून दर सोमवारी नातीचे वजन लिहावयास प्रारंभ केला.

अकराव्या आठवड्यात मुलगी सासरी जावयास निघाली. पाठवणीचा दिवस ठरला होता, तिकिटे काढली होती, आणि त्या गडबडीत डॉक्टरांनी सांगितलेली चार आठवड्यांची तारीख उलटून गेली. मूल हसत होते, हातपाय हलवीत होते. पुढचे दाखवावयाचे ते मुंबईला दाखवू, असे आम्हीच एकमेकांना सांगितले. मुंबईस पोहोचल्यावर दोनच दिवसांत आमच्या व्याह्यांनी तिला तेथील एका मोठ्या रुग्णालयात नेले. तेथील तज्ज्ञांनी पुन्हा इको केला आणि स्पष्ट शब्दांत सांगितले की, छिद्र मोठे आहे, हृदयाची डावी बाजू फुगू लागली आहे, फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतील दाब वाढला आहे; शस्त्रक्रिया काही आठवड्यांच्या आत करावी, लांबणीवर टाकू नये.

रात्री मुलीचा फोन आला. "बाबा, तुमचे डॉक्टर खरे की ह्यांचे?" एवढेच ती विचारीत होती.

ह्या प्रश्नात जी एक वाट चुकलेली आहे, तिच्याविषयीच मला आज बोलावयाचे आहे. पण ती त्या रात्री आम्हाला दिसली नाही. आम्ही सर्व त्याच वाटेने निघालो होतो. व्याह्यांच्या घरी बोलले जाऊ लागले की, इंदूरच्या डॉक्टरांनी हलगर्जी केली. आमच्या घरी बोलले जाऊ लागले की, मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांना शस्त्रक्रिया हव्याच असतात, त्याशिवाय त्यांचा खर्च कसा चालावा! अडीच महिन्यांच्या मुलीची छाती उघडावी की उघडू नये, हा प्रश्न माहेरचा डॉक्टर आणि सासरचा डॉक्टर ह्यांच्यातील वाद होऊन बसला. मग कोणीतरी सुचविले की, तिसऱ्याला विचारू. दोघे एका बाजूला पडतील ते खरे. पाचामुखी परमेश्वर ही म्हण गावच्या पंचायतीत शोभते. पण हृदयाच्या पडद्यातील छिद्र काही मतमोजणी पाहून मिटत नाही.

वस्तुतः ह्या छिद्राविषयीची दोन मते शंभराहून अधिक वर्षांची जुनी आहेत. पॅरिसमधील आंरी रोझे ह्या डॉक्टरांनी १८७९ साली अशा मुलांचे वर्णन केले, की ज्यांच्या छातीत मोठा खरखरीत आवाज ऐकू येतो, पण प्रकृतीत दुसरे काहीच वैगुण्य आढळत नाही. पुढे १८९७ साली व्हिएन्नातील व्हिक्टर आयझेनमेंगर ह्यांनी ३२ वर्षांच्या एका पुरुषाची हकीगत लिहिली. बालपणापासून त्याचे अंग निळसर पडे, त्याला दम लागे, आणि अखेर खोकल्यावाटे पुष्कळ रक्त पडून तो गेला. त्याच्या हृदयातही त्याच पडद्याला छिद्र होते, मात्र मोठे. एकच दोष, एकाचा निर्वाळा असा की हे मूल सुखाने जगेल, आणि दुसऱ्याचा दाखला असा की हा माणूस त्यानेच गेला. दोघेही खरे होते. आजही हृदयरोगतज्ज्ञ ह्या दोन नावांनी त्या दोन अवस्था ओळखतात.

असे का व्हावे, हे समजून घेणे फारसे कठीण नाही. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांना जवनिका म्हणतात. उजवी जवनिका रक्त फुफ्फुसांकडे धाडते, तर डावी ते सर्व शरीरभर ढकलते. डावीला लांबचा पल्ला गाठावयाचा असतो, म्हणून तिचा दाब उजवीच्या कितीतरी पट असतो. मधल्या पडद्याला छिद्र राहिले की डावीकडचे रक्त उजवीकडे घुसते आणि पुन्हा फुफ्फुसांत जाते. छिद्र लहान असेल तर रक्त थोडेच जाते, पण आवाज मोठा होतो. नदी अरुंद खिंडीतून जाताना खळाळते आणि रुंद पात्रात मुकाट वाहते, तसाच हा प्रकार. तेव्हा मोठा आवाज म्हणजे मोठा आजार, असे मुळीच समजू नये. छिद्र मोठे असेल तर मात्र फुफ्फुसांत रक्ताचा पूर लोटतो. मूल धापा टाकते, दूध पिताना थकते, आणि जे थोडे पोटात जाते ते धापा टाकण्यातच खर्च होते. हा पूर वर्षानुवर्षे चालू राहिला तर फुफ्फुसांतील बारीक रक्तवाहिन्या जाड व कठीण होतात. ती अवस्था आली म्हणजे छिद्र बुजविण्याची वेळ टळून जाते, मग ते बुजवून उपयोग होत नाही. म्हणूनच मोठे छिद्र असेल तर शस्त्रक्रियेसाठी पहिले वर्ष उलटू देऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे.

ह्यात आणखी एक गंमत आहे. जन्माच्या वेळी बाळाच्या फुफ्फुसांतील रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, त्यामुळे उजव्या बाजूचा दाबही बराच असतो. दोन्ही बाजूंचे दाब जवळजवळ सारखे असल्यामुळे छिद्र असूनही त्यातून फारसे रक्त वाहत नाही आणि आवाजही होत नाही. पुढील काही आठवड्यांत त्या वाहिन्या सैल होतात, उजवीकडचा दाब उतरतो, रक्त धावू लागते, आणि जे पहिल्या दिवशी ऐकू आले नव्हते ते सहाव्या आठवड्यात ऐकू येते. म्हणजे जन्माच्या वेळी "सर्व ठीक आहे" म्हणणारे डॉक्टर, सहाव्या आठवड्यात "थांबा" म्हणणारे डॉक्टर आणि अकराव्या आठवड्यात "थांबू नका" म्हणणारे डॉक्टर, ह्या तिघांनी एकाच मुलीचे हृदय तपासले होते खरे, पण एकच हृदय तपासले नव्हते. मधल्या काळात ते बदलत गेले होते.

तज्ज्ञांच्या मतभेदाचे हे एकच कारण असते, असे मात्र नाही. इकोचे यंत्र कितीही चांगले असले तरी ते माणसाच्या हातात असते. रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या मुलाच्या छातीवर ते कोणत्या कोनातून धरले, ह्यावर मिलिमीटरचा हिशेब एकदोनने इकडेतिकडे होतो. शिवाय प्रत्येकाची पारखण्याची रीत निराळी. मुलांच्या हृदयरोगाच्या शास्त्राची जिने पायाभरणी केली, त्या अमेरिकेतील हेलन टाऊसिग ह्यांना ऐकू कमी येत असे. मुलाच्या छातीवर बोटे ठेवून त्या स्पर्शाने हृदयाचे ठोके व कंप जाणून घेत. आपल्या देशातील पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ डॉ. शि. पद्मावती ह्यांनी त्यांच्यापाशी शिक्षण घेतले होते, आणि पुढे दिल्लीत हृदयरोगचिकित्सेचा पाया घातला. डॉक्टरांच्या मतात त्यांचे स्थानही मिसळलेले असते. जेथे तान्ह्या मुलांच्या शस्त्रक्रियेची आणि नंतरच्या शुश्रूषेची उत्तम सोय आहे, तेथील डॉक्टर लवकर शस्त्रक्रिया करा म्हणतील. जेथे ती सोय नाही, तेथील डॉक्टर मूल थोडे वाढू द्या म्हणतील, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर निराळे धोके असतात. ह्यात कोणी लोभी किंवा कोणी निष्काळजी असलाच पाहिजे, असे नाही.

शास्त्रच मुळी ह्या मतभेदातून पुढे गेले आहे. आज ज्या छिद्रावर ठिगळ लावून ते बंद करतात, ते प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहून बुजविण्याची पहिली शस्त्रक्रिया २६ मार्च १९५४ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलेहाय ह्यांनी केली. त्यांच्यापाशी तेव्हा हृदयाचे काम करणारे यंत्र नव्हते. मुलाच्या रक्तवाहिन्या त्याच्या वडिलांच्या रक्तवाहिन्यांना जोडून, वडिलांच्या हृदयाकडून व फुफ्फुसांकडून दोघांचे काम त्यांनी करवून घेतले. एका शस्त्रक्रियेत दोन जीव धोक्यात घालणे कितपत न्याय्य आहे, ह्यावर त्यांच्या सहकाऱ्यांतच तीव्र मतभेद होता. ते पहिले मूल अकरा दिवसांनी गेले. तरीही पुढच्या सव्वा वर्षाच्या सुमारास ह्या पद्धतीने एकूण ४५ शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतील २८ रुग्ण बरे होऊन घरी गेले. विरोध करणारे मूर्ख नव्हते आणि पुढे जाणारे निर्दय नव्हते. त्या आईबापांनी त्या दिवशी काय विचार केला असेल, हे मात्र मला आमच्या घरच्या प्रसंगापूर्वी कधी सुचले नव्हते.

आता पुन्हा आमच्या गोष्टीकडे येतो. मुलीचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईस निघालो. निघताना पत्नीने पिशवीत खाण्याच्या डब्याबरोबर ती दूधवाल्याची वही घातली. ती वही इंदूरलाच राहून गेली होती, आणि दोहोंपैकी एकाही डॉक्टरांनी ती पाहिली नव्हती! गाडीत दिव्याखाली मी ती उघडली. सहाव्या आठवड्यात ३ किलो ५००. पुढच्या सोमवारी ३ किलो ५५०. मग ३ किलो ६००. मग ३ किलो ६५०. त्यानंतरच्या दोन्ही सोमवारी ३ किलो ७००. ह्या वयाचे निरोगी मूल आठवड्याला साधारणपणे दीडशे ते दोनशे ग्रॅमने वाढते. आमची नात पाच आठवड्यांत मिळून दोनशे ग्रॅम वाढली होती. शेवटच्या नोंदीशेजारी पत्नीच्या अक्षरात लिहिले होते : "अर्धे दूध पिऊन झोपते. कपाळ ओले." आकडे आमच्या घरातच होते. दर सोमवारी आम्ही ते लिहीत होतो आणि वाचीत मात्र नव्हतो.

मुंबईस पोहोचल्यावर मी प्रथम इंदूरच्या डॉक्टरांना फोन केला. दुसऱ्या तज्ज्ञांचे मत सांगितले तर त्यांना राग येईल, अशी मला भीती वाटत होती. त्यांनी मुंबईचा इको काय म्हणतो हेही प्रथम विचारले नाही. त्यांनी विचारले, "वजन किती आहे?" मी आकडे वाचून दाखविले. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग त्यांचे बरोबर आहे. आज ती माझ्यासमोर असती तर मीही हेच सांगितले असते." आणि किंचित थांबून, स्वर न चढवता, म्हणाले, "मी तुम्हाला चार आठवड्यांनी बोलावले होते."

श्रोतेहो, त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. त्यांनी आम्हाला "थांबा" असे सांगितलेच नव्हते. त्यांनी सांगितले होते की, अमुक गोष्टींवर नजर ठेवून, अमुक दिवसापर्यंत थांबा. आम्ही त्यांतला आमच्या आवडीचा एक शब्द घेतला, आणि त्याची अट व त्याची तारीख मागे सोडून दिली. डॉक्टरांच्या मताला तारीख असते. पाच आठवड्यांपूर्वीचे मत आजच्या मतासमोर उभे करून दोहोंत खरे कोणते असे विचारणे, म्हणजे कालचे पंचांग आणि आजचे पंचांग ह्यांत चूक कोणाची, असे विचारण्यासारखे आहे.

मुंबईच्या डॉक्टरांना मी ती वही दाखविली. त्यांनी ती दोनतीन वेळा चाळली, त्या पानाची प्रत काढवून घेतली आणि इंदूरच्या अहवालासह आपल्या कागदांत लावली. दोन्ही अहवाल आणि मधल्या आठवड्यांचा हिशेब प्रथमच एकत्र आला होता. मग त्यांनी आम्हा सर्वांना समोर बसवून शस्त्रक्रियेतील धोके न लपविता सांगितले. नात साडेतीन महिन्यांची असताना शस्त्रक्रिया झाली. पाच तास आम्ही आणि आमचे व्याही एकाच बाकावर बसून होतो. माहेरचा डॉक्टर आणि सासरचा डॉक्टर हा भेद त्या बाकावर कोणाच्याही मनात उरला नव्हता. दहाव्या दिवशी ती घरी आली. महिनाभराने विहीणबाईंचा इंदूरला फोन आला, तो नातीचे वजन सांगण्यासाठी. पत्नीने ते वहीत लिहून घेतले.

निकाल चांगला लागला म्हणून आमची रीत शहाणपणाची होती, असे मी म्हणणार नाही. आणखी दोन महिने अशीच गेली असती तर ही गोष्ट सांगावयास मी कदाचित धजलो नसतो. उलट, ज्यांच्या मुलाचे छिद्र थांबल्याने आपोआप मिटले, त्यांचीही गोष्ट तितकीच खरी आहे. म्हणून कोणाच्याही मुलाची गोष्ट आपल्या मुलाला लावू नये. जन्मणाऱ्या दर हजार मुलांत सुमारे आठनऊ मुलांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. म्हणजे प्रत्येक गावात, प्रत्येक आळीत, कोणाला ना कोणाला ह्या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. आपल्या देशात २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, आणि मुलांच्या हृदयदोषांची तपासणी व पुढील उपचार ह्यांचा अंतर्भाव त्यात करण्यात आला. पण तपासणी जितकी अधिक, तितकी मतेही अधिक होणार.

तेव्हा दोन मते समोर आली, तर मोजू नयेत, तोलावीत. प्रत्येक डॉक्टरांना नम्रपणे तीन गोष्टी विचाराव्यात. आपण हे कोणत्या लक्षणांवरून सांगता? आपण सांगता तसे केले नाही, तर काय व किती दिवसांत बिघडेल? आणि काय दिसले तर आपण आपले मत बदलाल? ह्या तिसऱ्या प्रश्नाचा चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही. कागद तारखेच्या क्रमाने लावून बरोबर न्यावेत, आणि पहिल्या डॉक्टरांचे कागद दुसऱ्यांपासून लपवू नयेत. परीक्षकापासून पहिल्या परीक्षकाचे गुण लपवावेत तसे आपण ते लपवितो, आणि त्यात नुकसान मुलाचे होते. शक्य असेल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्यावे. इतके करूनही मतभेद उरला, तर तो खरा मतभेद समजावा; मग निर्णय आईबापांनी घ्यावा, आणि घरातील इतरांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे.

आणि डॉक्टरांनी थांबावयास सांगितले असेल, तर पुढची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी. तिच्यासाठी एखादी पाठवणी चार दिवस पुढे ढकलावी लागली, तरी खुशाल ढकलावी.